स्पेक्ट्रमवरचा आर-टाइप परत खेळायचाय? मग असं करा

आर-टाइप हा अंतराळयानातून गोळ्या झाडायचा गेम आर्केडला (नाणं टाकून खेळायच्या मशीनवर) १९८७ला आला आणि पुढच्याच वर्षी ब्रिटनमधल्या घराघरातल्या ४८केच्या (म्हणजे ४८ किलोबाइट मेमरीच्या) झेडएक्स स्पेक्ट्रम या छोट्या कॉम्प्युटरवर, आणि तो खरंच कमाल जमलाय. आधी फ्यूज हा इम्युलेटर (आजच्या कॉम्प्युटरवर स्पेक्ट्रमची नक्कल करणारा प्रोग्राम) टाका, फुकट आहे. मशीन ४८के निवडा. मग मीडिया ऑप्शन्समधे जाऊन ऑटोलोड, फास्टलोडिंग आणि टेप ट्रॅप्स तिन्ही बंद करा, नाहीतर गेम पटकन उघडतो आणि कॅसेटवरून हळूहळू लोड होताना बघायची अर्धी मजा तिथेच जाते.

आता टेपची फाइल (गेमच्या कॅसेटची कॉपी) उघडा, जे दाबा (एका बटणात अख्खा लोड शब्द येतो!), कंट्रोल धरून दोनदा पी (म्हणजे दोन अवतरणचिन्हं), एंटर, मग टेप सुरू करायला एफ८. किंचाळणारा आवाज, स्क्रीनच्या कडेला आधी लाल-आकाशी मग निळे-पिवळे पट्टे, आणि काही मिनिटं नुसतं बघत बसायचं. आवाज म्यूट करू नका प्लीज.

खेळताना रंगांकडे नीट बघा, ८ बाय ८ पिक्सेलच्या चौकोनात दोनच रंग मावतात, त्यामुळे बऱ्याच गेममधे हिरोचा रंग मागच्या भिंतीला लागतो किंवा सगळंच एकरंगी ठेवलेलं असतं, पण इथे एवढ्या अडचणीतही स्क्रीन रंगीत आहे, मला अजूनही भारी वाटतं ते.