तुंबणाऱ्या पाण्याचा हिशोब: मॉडेलिंगमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

रिटर्न पिरियड (तेवढा पूर सरासरी किती वर्षांतून एकदा येतो), डॅमेज कर्व्ह (किती मोठ्या पुरात किती नुकसान), डिस्काउंट रेट (भविष्यातले पैसे आजच्या किमतीत आणायचा दर) हे शब्द तुमच्या ओळखीचे आहेत असं धरून चालू. कोड बिनतक्रार चालतो, आलेख देखणा येतो आणि उत्तर जवळपास सातपट चुकतं, तो प्रकार आधी सांगतो.

बहुतेक जण नुकसानीचा कर्व्ह दहा वर्षांतून एकदा येणाऱ्या पुरापासून सुरू करतात, कारण छोट्या पुरांचे आकडे आयते मिळत नाहीत. एका वॉर्डाचं काल्पनिक उदाहरण वहीत सोडवा. २ वर्षांच्या पावसात नुकसान ५ कोटी, १० च्या ४०, ५० च्या १५०, १०० च्या २५०. संभाव्यता (१ भागिले वर्षं) आडवी घेऊन कर्व्हखालचं क्षेत्रफळ पट्ट्यापट्ट्यांनी काढा: ९ + ७.६ + २, आणि शंभरच्या पुढच्या शेपटीचे २.५. वर्षाला सरासरी २१.१ कोटी. आता नालेरुंदी आणि पंपांमुळे पहिले दोन आकडे ० आणि १० झाले, मोठे पूर तसेच राहिले. बेरीज १२.९ वर येते, म्हणजे फायदा ८.२ कोटी. तोच हिशोब १० वर्षांपासून सुरू केलात तर फायदा दिसतो १.२ कोटी! चांगला प्रकल्प कागदावरच बुडतो. पंप कर्व्हचा पायथा खाली आणतो, शेंडा नाही. आणि तुम्ही पायथाच कापलेला असतो.

पायथ्याचे आकडे पायपीट करूनच मिळतात. मुंबईत पाणी तुंबणाऱ्या हिंदमात्याच्या दुकानदाराला तीनच प्रश्न विचारा: पाणी किती इंच, किती तास, आणि माल कुठल्या फळीवर चढवता? बुडालेला गल्ला विम्याच्या दाव्यांत सापडत नाही.

पहिल्याच महिन्यात अर्थतज्ज्ञ नॉर्डहाउसचं डाइस हे हवामान-अर्थशास्त्राचं मॉडेल मुंबईवर बसवायला सांगणारा गाइड असेल, तर सरळ दुसरा शोधा. ते अख्ख्या जगाच्या तापमानाचं आणि जीडीपीचं गणित आहे, त्यात नाला नाही. गणित कच्चं असल्याची धास्ती मात्र नको. वरचं सगळं बेरीज-गुणाकारात झालं.

पाऊस एका केंद्राचा घेऊ नका. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला, कुलाब्याला ७५ च्याही खाली.

डिस्काउंट रेटवर लोक वर्षं घालवतात. ५० वर्षांनंतरचे १०० कोटी आज १० टक्क्यांनी ८५ लाख, ३ टक्क्यांनी सुमारे २३ कोटी. दोन्ही उत्तरं छापा आणि पुढे चला. फक्त महागाई धरलेला दर आणि महागाई वगळलेले रुपये एकत्र करू नका.

आणि भरती. तक्त्यातली ४.८ मीटरची भरती चार्ट डेटमपासून (सागरी नकाशांतली, ओहोटीच्या खालच्या पातळीजवळची आधारपातळी) मोजलेली असते, जमिनीच्या उंचीचा नकाशा साधारणपणे सरासरी समुद्रपातळीपासून. मुंबईत दोन्हींत सुमारे अडीच मीटरचा फरक आहे. तो वजा केला नाही, तर कोरडे भागही मॉडेलमध्ये रोज दोनदा बुडतील.