नदीकाठच्या सपाट मार्गावर दोघांनी सायकल चालवताना या चुका टाळा

अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरातून स्कूलकिल नदीच्या काठाने व्हॅली फोर्ज या ठिकाणाकडे जाणारा सायकलमार्ग तीसहून अधिक किलोमीटरचा असून त्याचा बहुतेक भाग डांबरी आहे. शहर मागे पडल्यावर तो पुष्कळसा पेनसिल्व्हेनिया रेलरोडच्या जुन्या लोहमार्गाच्या जागेवरून जातो. आगगाडीला तीव्र चढ झेपत नाही, म्हणून असे मार्ग जवळजवळ सपाट असतात. आणि नेमका हा सपाटपणाच जोडप्यांचा अंदाज चुकवतो.

घाटात उतार लागला की पायांना विश्रांती मिळते, इथे मात्र पायडल अखंड मारावे लागते आणि शरीर तासन् तास एकाच ठेवणीत राहते. त्यात जाताना वारा पाठीशी असेल, तर तो आहे हे जाणवतही नाही. ‘अजून दमलो नाही’ म्हणत आणखी पाच किलोमीटर पुढे गेलेली माणसे परतीच्या वाटेवर, वारा तोंडावर आल्यावर, हैराण होतात.

याहून मोठी चूक वेगाची आहे आणि ती मी स्वतः अनेक वर्षे केली. मी पुढे जाऊन थांबत असे आणि पत्नी येऊन पोहोचली की लगेच ‘चल, निघू या’ म्हणत असे. विश्रांती मला मिळत होती, तिला नाही. जो सावकाश चालवतो त्याने पुढे राहावे, थांबण्याची वेळ तो पोहोचल्यापासून मोजावी आणि कुठून परतायचे हेही त्यानेच ठरवावे. गप्पांसाठी शेजारी शेजारी चालवण्याचा मोह होतो, पण मागून येणाऱ्यांची वाट अडते. रस्ता मोकळा नसेल तेव्हा उजवीकडून एकामागे एक जावे आणि कुणाला ओलांडताना घंटी वाजवावी.

गुडघा पुढच्या बाजूने दुखू लागला, तर सीट बहुधा खाली असते. मागच्या बाजूने दुखला किंवा कंबर डावीउजवीकडे हलू लागली, तर ती वर असते. पायडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवल्यास पाय सरळ व्हावा, इतकी उंची सुरुवातीला पुरेशी आहे. हाताला मुंग्या येत असतील, तर सीटचे टोक खाली झुकले आहे का ते पाहावे, कारण त्यामुळे शरीराचा भार पुढे घसरून तळव्यांवर येतो.

मॅनायंक येथे वाट जुन्या कालव्याच्या काठाने जाते आणि डांबर संपून काही ठिकाणी लाकडी फळ्या लागतात. ओल्या फळ्यांवर वळताना ब्रेक दाबू नये; वेग आधीच कमी करावा.

पंक्चर झाल्यावर घाईने नवी ट्यूब बसवणे ही चूक फार महागात पडते. कॉन्शोहॉकेनच्या पुढे आम्ही तेच केले आणि दहा मिनिटांत टायर पुन्हा बसला. मग पत्नीने टायरच्या आतल्या बाजूने सावकाश बोटे फिरवली, तेव्हा रबरात रुतलेला, तांदळाच्या कणीएवढा काचेचा तुकडा हाताला लागला. तो काढल्याखेरीज कितीही ट्यूबा बदलल्या तरी उपयोग नसतो. सोबत दोन ट्यूबा असाव्यात, आणि दोघांच्या चाकांचे माप किंवा व्हॉल्व्ह वेगळे असतील, तर प्रत्येकाची आपापली असावी.

सायकलनेच परत यायचे, हा हट्टही सोडावा. फिलाडेल्फियाला जाणारी लोकल या मार्गाला बऱ्याच अंतरापर्यंत समांतर धावते आणि नॉरिसटाउनचे स्थानक सायकलमार्गाला लागूनच आहे. गाडीत सायकल नेण्याचे नियम आणि सुट्टीच्या दिवसाचे वेळापत्रक निघण्यापूर्वी पाहून ठेवावे, म्हणजे दोघांपैकी एकाचे पाय थकले की ‘गाडीने जाऊ’ हे वाक्य कुणालाही संकोच न करता उच्चारता येते.