झाडानं मान टाकली तेव्हा

यंदा नाताळाला चार फुटी प्लास्टिकच्या झाडासाठी महाद्वार रोडवरून पत्र्याचा तारा आणला. दहा इंची, दिसायला एक नंबर. शेंड्यावर चढवला आणि झाडानं मानच टाकली. दोऱ्यानं पडद्याच्या दांडीला बांधून बघितलं, तर वारा आला की तारा भिंतीकडं तोंड फिरवायचा. धाकटी म्हणाली, "पप्पा, झाड रुसलंय."

चूक माझीच. दुकानात तारा बघितला, शेंडा आठवलाच नाही. शेंडा म्हणजे पेन्सिलीपेक्षा बारीक तार! एवढ्या झाडाला पाच-सहा इंची, हलकं काहीतरी पुरतं.

आईला देवदूत हवा होता. बायबलात लूकच्या शुभवर्तमानात मेंढपाळांना येशूच्या जन्माची बातमी सांगणारा तोच, आणि मत्तयच्या शुभवर्तमानात मागी लोकांना, म्हणजे पूर्वेकडच्या ज्ञानी माणसांना, वाट दाखवणारा तारा, दोन्ही बरोबरच. पण आमचं झाड खिडकीत. देवदूत बसवला तर रस्त्यावरनं त्याची पाठच दिसणार. तारा दोन्हीकडनं सारखा.

मग खराट्याचे तीन हीर वीतभर तोडले, शेंड्याच्या मागं लावून बारीक तारेनं तीन ठिकाणी आवळले, वर दोन बोटं मोकळे सोडले. लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याचे दोन तारे कापले, सोनेरी कागद चिकटवला, मध्ये स्ट्रॉचा तुकडा दाबला. स्ट्रॉ हिरांवर गच्च बसली.

पत्र्याचा तारा आता दारात टांगलाय. तिथं फिरला तरी चालतंय.