पॉवेल-प्रेसबर्गरचे सिनेमे कसे पाहावेत

मायकेल पॉवेल आणि एमरिक प्रेसबर्गर या ब्रिटिश सिनेकर्त्या जोडीचा सिनेमा पहिल्यांदा लावला आणि मन रमलं नाही, तर बऱ्याचदा दोष टीव्हीच्या सेटिंगचा असतो. म्हणून आधी रिमोट हातात घ्या.

१९४०च्या दशकातले त्यांचे सिनेमे जवळजवळ चौकोनी चौकटीतले आहेत. रुंदी उंचीच्या १.३७ पट. आजच्या टीव्हीची रुंदी १.७८ पट असते, म्हणजे दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसायलाच हवेत. पट्टे खटकतात म्हणून 'झूम' केलंत तर वरचं-खालचं मिळून जवळपास पाव चित्र कापलं जातं. 'द रेड शूज'मध्ये त्यात नेमके पाय जातात. बॅलेच्या सिनेमात पाय गेल्यावर उरलं काय? 'वाइड' केलंत तर माणसं आडवी फुगतात. दुसरं, हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा. प्रत्येक कंपनी तिला वेगळं नाव देते, पण ती चालू असली की सिनेमा मालिकेसारखा दिसतो. तिसरं, चित्राचा मोड 'व्हिव्हिड'वरून 'सिनेमा'वर आणा. टेक्निकलर या जुन्या रंगीत-फिल्म पद्धतीतला लाल मुळातच गडद असतो. तो आणखी भडक केला की ओठ, कपडे आणि मेणबत्तीची ज्योत यांतला फरक पुसला जातो. खोलीतला मोठा दिवा मालवा.

मग प्रत पूर्ण आहे का ते तपासा. लांबी साधारण अशी हवी: 'द लाइफ अँड डेथ ऑफ कर्नल ब्लिम्प' १६३ मिनिटं, 'अ कँटरबरी टेल' १२४, 'द रेड शूज' १३४, 'अ मॅटर ऑफ लाइफ अँड डेथ' १०४, 'ब्लॅक नार्सिसस' १००, 'आय नो व्हेअर आय एम गोइंग' ९१. आकडा थोडा कमी दिसला म्हणून लगेच घाबरू नका. जुन्या युरोपीय डीव्हीडीवर सेकंदाला २४ ऐवजी २५ फ्रेम पळतात, त्यामुळे १६३ मिनिटांचा 'ब्लिम्प' १५७ मिनिटांत संपतो. काही कापलेलं नसतं, फक्त आवाज किंचित चढा लागतो. 'कँटरबरी टेल' मात्र ९५ मिनिटांचा निघाला तर तो अमेरिकेसाठी कापून नव्याने जोडलेला अवतार आहे. तो पाहू नका. 'ब्लिम्प'च्याही बऱ्याच आखूड प्रती वर्षानुवर्षं फिरत होत्या.

जोडीबद्दल एवढं माहीत असलेलं पुरे. पॉवेल इंग्लंडच्या केंट परगण्यातला, सेटवर दिग्दर्शन करणारा. प्रेसबर्गर हंगेरीतला ज्यू, बर्लिनच्या स्टुडिओत पटकथा लिहिणारा. हिटलर सत्तेवर आल्यावर तो पॅरिसला आणि तिथून १९३५मध्ये लंडनला आला. कथा प्रामुख्याने त्याची, कॅमेऱ्यामागचा हात प्रामुख्याने पॉवेलचा. तरी १९४३पासून त्यांच्या 'द आर्चर्स' या संस्थेच्या सिनेमांत लेखन, निर्मिती, दिग्दर्शन असं एकत्र श्रेय दोघांच्या नावावर येतं. बाणांनी भरलेलं निशाण पडद्यावर दिसलं की ती पाटी नीट वाचा. आणि इंग्लंडबद्दलचं एखादं वाक्य जरा जास्तच प्रेमाचं किंवा जास्तच बोचरं वाटलं, तर ते बाहेरून आलेल्या माणसाने लिहिलंय हे आठवा.

सुरुवात 'मॅटर ऑफ लाइफ अँड डेथ'ने (१९४६) करा. पॅराशूटशिवाय विमानातून उडी मारलेला वैमानिक वाचतो आणि परलोकातली कचेरी त्याला परत मागते. इथे पृथ्वी रंगीत आणि परलोक रंगहीन आहे. परलोकातून आलेल्या दूताच्या कोटावरचं गुलाब पाहत राहा, तिथे हळूहळू रंग भरतो. दोन्हीकडची दृश्यं टेक्निकलरच्याच प्रक्रियेतून छापल्यामुळे परलोकाला साध्या कृष्णधवल सिनेमाचा कोरडेपणा नाही, मोत्यासारखी झाक आहे. परलोकाचा जिना १०६ पायऱ्यांचा, खरोखर चालणारा होता. आणखी एक गोष्ट टिपा: भास सुरू होण्याआधी वैमानिकाला तळलेल्या कांद्याचा वास येतो. मेंदूच्या काही झटक्यांआधी असे वास येतात, हे लेखकाने अभ्यासून घातलंय. त्यामुळे सगळी कथा आजार म्हणूनही वाचता येते आणि चमत्कार म्हणूनही. घाईने एक बाजू निवडू नका. शेवटच्या खटल्यात इंग्लंडविरुद्ध तक्रार असलेले ज्यूरर बसवलेत, त्यांत एक भारतीयही आहे.

दुसरा 'ब्लॅक नार्सिसस' (१९४७). याला सर्वांत जास्त वेळ द्या. दार्जिलिंगच्या बाजूला हिमालयात, एका जुन्या जनानखान्यात इंग्रज नन्स शाळा आणि दवाखाना काढतात. आणि यातली एकही फ्रेम भारतातली नाही. सगळं इंग्लंडमधल्या पाइनवुड स्टुडिओत आणि ससेक्सच्या एका बागेत चित्रित झालं. दऱ्या आणि शिखरं वॉल्टर पर्सी डे आणि त्याच्या सहकाऱ्यांनी काचेवर रंगवली. खिडकीबाहेरचे डोंगर म्हणजे मोठे केलेले कृष्णधवल फोटो, त्यांवर रंगीत खडूने रंग चढवलेला. संगीत नाटकात रंगवलेला पडदा पडला की आपण ते अरण्य मानतोच. तीच तयारी इथे ठेवा, आणि मग डोंगर खरा आहे का हे तपासणं सोडा. छायालेखक जॅक कार्डिफ आणि कलादिग्दर्शक आल्फ्रेड युंगे, दोघांनाही या कामासाठी ऑस्कर मिळालं.

दोन पाहण्या करा. पहिल्या वेळी फक्त गोष्ट. दुसऱ्या वेळी फक्त लाल रंग शोधा. नन्सचे झगे फिकट पांढरे, भिंती फिकट, त्यामुळे लाल रंग अडवून ठेवल्यासारखा वाटतो. सुरुवातीला सिस्टर रूथ रक्ताने माखलेल्या झग्यानिशी आत येते, ते लक्षात ठेवा. मग शेवटच्या वीसेक मिनिटांवर या. रूथने नन्सचा वेश टाकून गडद लाल पोशाख घातलाय. मठाची प्रमुख सिस्टर क्लोडा समोर बसून बायबल उघडते, रूथ आरसा घेऊन ओठांना लाली लावते. दोघींमधली मेणबत्ती जळत जाते. डेबोरा कर (क्लोडा) आणि कॅथलीन बायरन (रूथ) यांच्या चेहऱ्यांवर कार्डिफने उजेड टाकलाय तो जुन्या डच चित्रकारांसारखा, एका बाजूने, उरलेलं अंधारात. पुढे एका क्षणी अख्खा पडदाच लाल होतो.

त्यानंतरची पहाट तीनदा पाहा: एकदा जशी आहे तशी, एकदा आवाज बंद करून, एकदा डोळे मिटून. या भागात बोलणं जवळजवळ नाही. ब्रायन ईस्डेलचं संगीत आधी रचलं गेलं आणि प्रत्येक हालचाल त्या मापाने चित्रित झाली. आवाज बंद केलात की पावलं कुठल्या तालावर पडतायत ते दिसतं. घंटेपाशी काय होतं ते इथे सांगत नाही.

याच सिनेमात एक गोष्ट खटकते आणि खटकायलाच हवी. तरुण जनरल झालेला साबू मूळचा म्हैसूरकडचा, पण कांची ही पहाडी मुलगी जीन सिमन्स या इंग्रज नटीने चेहऱ्याला रंग फासून केली आहे. राजवाड्याचा मालक आणि म्हातारी आया हेही इंग्रज नटच. कलाकुसरीच्या कौतुकात हे झाकू नका. सिनेमा भारताबद्दल काही सांगत नाही. इंग्रजांच्या मनातला भारत आणि तिथली त्यांची हतबलता तो दाखवतो, तीही स्वातंत्र्याच्याच वर्षी.

टेक्निकलरबद्दल दोन शब्द. कॅमेऱ्यातला प्रिझम उजेड फोडून फिल्मच्या तीन वेगळ्या कृष्णधवल पट्ट्यांवर टाकत असे. मग त्या तीनवरून तीन रंग एकावर एक छापले जात. पट्ट्या आकसल्या की रंग एकमेकांवर नीट बसत नाहीत आणि चेहऱ्यांना लाल-निळ्या कडा येतात. तशा कडा दिसल्या तर प्रत जुनी आहे, डोळ्यांना दोष देऊ नका. 'द रेड शूज'च्या मूळ पट्ट्यांना बुरशीही लागली होती. २००९ साली पूर्ण झालेली दुरुस्त प्रत कान महोत्सवात दाखवली गेली. मिळाली तर तीच घ्या.

तिसरा तो, 'द रेड शूज' (१९४८). मधला बॅले सुमारे पंधरा-सतरा मिनिटांचा आहे, त्यात थांबू नका, फोन दूर ठेवा. पहायचं ते हे: नाच रंगमंचावर सुरू होतो, पण कुठल्या क्षणी तो रंगमंचावर मावेनासा होतो? मॉयरा शिअरर बुटांच्या दिशेने उडी घेते आणि बूट थेट पायांत असतात. वाऱ्यावर उडणाऱ्या वर्तमानपत्राचा माणूस होतो. प्रेक्षागृहाच्या जागी समुद्र येतो. तिथून पुढे आपण नाटकगृहात नसून नर्तकीच्या डोक्यात आहोत. कलादिग्दर्शक हाइन हेक्रोथ मुळात चित्रकार, हे त्याच्या पडद्यांवरून कळतं.

'कर्नल ब्लिम्प' (१९४३) एका सुट्टीच्या दुपारी, सलग. चर्चिलला हा सिनेमा व्हायला नको होता. डेबोरा कर यात तीन वेगळ्या स्त्रिया आहे, आधीच माहीत असलं की गोंधळ होत नाही. द्वंद्वयुद्धाची तयारी किती बारकाईने दाखवलीय पाहा: नियम, मोजमाप, शर्टाच्या बाह्या. आणि तलवारी भिडताच कॅमेरा छतातून वर निघून बाहेरच्या बर्फात जातो. निकाल दाखवत नाही, कारण सिनेमाला रस त्यानंतरच्या मैत्रीत आहे. पुढे त्या द्वंद्वातला जर्मन, थिओ (अँटन वॉलब्रुक), इंग्रज अधिकाऱ्यापुढे आपण जर्मनी का सोडली ते सांगतो. कॅमेरा हलके जवळ येतो आणि तिथेच थांबतो. शब्दांमागे प्रेसबर्गर स्वतः उभा आहे.

'आय नो व्हेअर आय एम गोइंग' (१९४५) कधीही बघा, हलका आणि सुंदर आहे. नायक रॉजर लिव्हसी लंडनच्या नाटकात अडकल्यामुळे स्कॉटलंडला गेलाच नाही. बाहेरच्या लांबच्या दृश्यांत बदली माणूस आहे, ओळखता येतो का पाहा.

'कँटरबरी टेल' (१९४४) सर्वांत शेवटी. रात्री मुलींच्या केसांत डिंक ओतणाऱ्या माणसाचा शोध, एवढं कथानक ऐकून लोक विचित्र म्हणून सोडून देतात. रहस्यकथा म्हणून पाहिलात तर निराश व्हाल, उत्तर अर्ध्यातच कळतं. सुरुवातीला मध्ययुगीन यात्रेकरू ससाणा आकाशात सोडतो, पुढच्याच क्षणी तिथे लढाऊ विमान असतं, आणि वर बघणारा चेहरा तोच, आता सैनिकाच्या टोपीत. मधली सहाशे वर्षं एका कटमध्ये गेली. तिथे रिवाइंड करा.

या जोडीवरचा माहितीपट 'मेड इन इंग्लंड' (२०२४) मार्टिन स्कॉर्सेसी सांगतो आणि फार चांगलं सांगतो. पण त्यात महत्त्वाची दृश्यं उघड होतात, म्हणून तो हे सहा सिनेमे झाल्यावरच लावा.