कुठलं कॅल्शियम? स्नायूंच्या आकुंचनाचं उत्तर लिहिताना या चुका टाळा

अकरावीचे पेपर तपासताना समासात माझ्या लाल पेनाने सगळ्यात जास्त वेळा काय लिहिलं असेल, तर "कुठलं कॅल्शियम?"

"मेंदूचा संदेश आला, कॅल्शियम सुटलं, स्नायू आखडला." हे उत्तर नाही, तार आहे. कॅल्शियम इथे दोनदा येतं. आधी चेतातंतूच्या टोकात, बाहेरच्या द्रवातून. त्याने अ‍ॅसिटिलकोलिन, म्हणजे स्नायूला निरोप देणारं रसायन, बाहेर पडतं. मग स्नायूपेशीत, आतल्याच कोठारातून, म्हणजे सार्कोप्लाझ्मिक रेटिक्युलममधून. हे दुसरं ट्रोपोनिन या प्रथिनाला चिकटतं, अ‍ॅक्टिनच्या तंतूवरची जागा झाकणारं ट्रोपोमायोसिन सरकतं आणि मायोसिनच्या तंतूला अ‍ॅक्टिन धरून ओढता येतं.

सरावाच्या तोंडी परीक्षेत एका हुशार पोराला विचारलं, "बाहेरचं कॅल्शियम काढून बेडकाच्या पायाच्या स्नायूलाच थेट झटका दिला तर?"

"हलणार नाही, सर."

"आणि हृदय?"

"ते चालेल. ते आपोआप चालतं ना!"

दोन्ही उलटं. पायाचा स्नायू काही वेळ तरी आखडतोच, कोठार आत आहे. हृदयाला मात्र बाहेरचं कॅल्शियम लागतं. लंडनचा डॉक्टर सिडनी रिंगर याचीही इथेच फसगत झाली होती. त्याच्या द्रावणात शुद्ध पाण्याऐवजी नळाचं पाणी गेलं होतं आणि त्यातल्या कॅल्शियमवर बेडकाचं हृदय धडधडत होतं. 1883 मध्ये त्याने स्वतःच ही चूक छापून सांगितली. आमची मुलं फेरतपासणीचा अर्ज देतात.

मी आजही दोन खडू घेतो: बाहेरच्या कॅल्शियमला निळा, आतल्याला लाल. वेळ जातो, जाऊ दे. "सर, डायरेक्ट पॉइंट्स द्या" म्हणणाऱ्यांना मी आकृती पुन्हा काढायला लावतो.

दुसरी लाडकी चूक: "एटीपी संपलं की स्नायू सैल पडतो." अहो, मायोसिनची पकड सुटायलाच एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, लागतं! म्हणून तर मेल्यावर काही तासांत देह ताठ होतो.

बाकी किरकोळ. ए-बँड (मायोसिनचा गडद पट्टा) आखूड होत नाही, आय-बँड (नुसत्या अ‍ॅक्टिनचा फिकट पट्टा) होतो. अ‍ॅसिटिलकोलिन स्नायूत शिरत नाही, ते स्नायूपेशीच्या पडद्यातलं दार उघडतं आणि मुख्यतः सोडियम आत शिरतं.

आणि अ‍ॅसिटिलकोलिनला तोडणारं एन्झाइम गाळू नका. फवारणीची ऑर्गॅनोफॉस्फेट औषधं तेच बंद पाडतात: स्नायू आधी फडफडतात, मग लुळे पडतात. वर्गात हे सांगितलं की शेतकऱ्यांची मुलं पहिल्यांदा वहीतून मान वर काढतात.