फ्लशची टाकी गळतेय? आधी पाणी कुठून जातंय ते बघा

इंदुरात बहुतेक वस्त्यांत नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं. गच्चीवरची टाकी भरलेली असूनही सकाळी अर्धी निघाली, की संशय बोअरच्या मोटरीवर जातो. बऱ्याचदा पाणी कमोडमधून गुपचूप वाहून गेलेलं असतं. नवा पार्ट आणण्याआधी गळती कुठे आहे ते पक्कं करा. अख्खं फिटिंग बदलूनही गळती तशीच राहते, ती हे न केल्यामुळे.

फ्लशच्या टाकीत अर्धा चमचा खाण्याचा रंग टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. कमोडच्या भांड्यात रंग उतरला, तर गळती आतली आहे. आता अँगल कॉक (टाकीला पाणी देणारा भिंतीवरचा नळ) बंद करून पाण्याच्या पातळीवर पेन्सिलीने खूण करा. टाकी आतून ३५ बाय १५ सेंटिमीटर असेल आणि तासाभरात पातळी १ सेंटिमीटर उतरली, तर ५२५ मिलिलिटर पाणी गेलं, म्हणजे दिवसाला साडेबारा लिटर. तेवढीच पातळी दहा मिनिटांत उतरली, तर दिवसाला पंचाहत्तर लिटर.

कॉक बंद असतानाही पातळी उतरते, तर तळाच्या फ्लश व्हॉल्व्हचा वायसर खराब आहे. बंद असताना पातळी जागेवर राहते, पण कॉक उघडला की पाणी चढत जाऊन ओव्हरफ्लोच्या नळीत पडतं, तर दोष बॉलकॉकचा, म्हणजे टाकी भरली की पाणी थांबवणाऱ्या आतल्या नळाचा. फ्लोटचा स्क्रू फिरवून पातळी नळीच्या तोंडाखाली साधारण अडीच सेंटिमीटरवर आणा. तरीही पाणी थांबत नसेल, तर बॉलकॉकमध्ये क्षार अडकलाय. साफ करून बघा, नाहीतर बदला.

वायसरकडे जाण्याआधी झाकणाचं बटण तपासा. झाकण काढल्यावर गळती थांबली, तर बटणाच्या दांड्या लांब आहेत आणि व्हॉल्व्ह कायम दाबून धरतात. दोन-तीन मिलिमीटर मोकळ्या राहतील इतपत त्या आखूड करा. खर्च शून्य!

वायसरच असेल तर कॉक बंद करून टाकी रिकामी करा. जुना कॉक क्षाराने जाम झालेला असतो. पान्याने जोर लावलात तर तो भिंतीतल्या पाइपासकट तुटतो. त्यापेक्षा गच्चीवरचा व्हॉल्व्ह बंद करा. बहुतेक ड्युअल (दोन बटणांच्या) फ्लशचा व्हॉल्व्ह पाव वेढा डावीकडे फिरवला की वर निघतो. खालचा रबरी वायसर कडक झाला असेल किंवा त्यावर कंगोरा उमटला असेल, तर बदला. जिथे तो टेकतो त्या कडेवरून बोट फिरवा. बोअरच्या जड पाण्याचा खरखरीत थर लागला, तर नवा वायसरही गळणारच. अर्धा लिटर कोमट पाण्यात दोन चमचे लिंबूसत्त्व घालून त्यात भिजवलेलं फडकं तासभर त्या कडेवर ठेवा, मग जुन्या ब्रशने घासा. टॉयलेटचं अ‍ॅसिड वापरू नका. ब्लीचिंगशी गाठ पडली तर विषारी क्लोरीन निघतो. सियागंजच्या बाजारात जाताना जुना वायसर खिशात असू द्या, नुसत्या मापावरून मिळेलच असं नाही.

टाकी कमोडवरच बसवलेली असेल आणि पाणी मधल्या फटीतून येत असेल, तर टाकी उतरवून मोठा स्पंजी वायसर आणि बोल्टचे वायसर एकदमच बदला. बोल्ट पितळेचे घ्या, आतून डोक्याखाली रबर घाला आणि दोन्ही बाजू आळीपाळीने अर्धा-अर्धा वेढा आवळा. एकीकडेच आवळलं तर चिनीमाती तडकते, आणि तडकलेल्या टाकीला एम-सील लावून भागत नाही.

कनेक्शन पाइपाच्या टोकाला रबर असेल तर टेफ्लॉन टेप नको. हाताने घट्ट करून पान्याने पाव वेढा बास. टेप फक्त अँगल कॉकच्या भिंतीकडच्या आट्यांवर, आटे आपल्याकडे करून उजवीकडे दहा-बारा वेढे.

फ्लश केल्यावरच कमोडच्या बुडाशी पाणी येत असेल, तर कॉलरचा, म्हणजे कमोड जिथे ड्रेनेजच्या पाइपाला जोडतात तिथला जोड गेलाय. वरून पांढरं सिमेंट थापलं तर पाणी लपून खालच्या घराच्या छतावर डाग पाडतं. कमोड उचलून कॉलर बदलावी लागते, आणि ते काम प्लंबरचंच. मात्र बसवताना मागच्या बाजूला दोन बोटं फट मोकळी सोडायला सांगा, म्हणजे पुढची गळती तुम्हाला आधी दिसेल.