आधी टॉर्च, मग कुऱ्हाड: डिसेंबरच्या मुक्कामाची तयारी

थंडीतल्या ट्रेकची तारीख ठरली की आमच्यात दोन तट पडतात, टॉर्चचे ल्युमेन (उजेडाचं माप) मोजणारे ल्युमेनवाले आणि कुऱ्हाडीचे पोलादवाले. माझे पैसे दोन्हीकडे घालवून झालेत, म्हणून यंदाची यादी मीच लिहितोय. बेत असा: पहिली रात्र गडाच्या पायथ्याच्या पाचनई गावात ओळखीच्यांच्या शेतात, दुसरी हरिश्चंद्रगडावर.

टॉर्च आठ दिवस आधी बाहेर काढा, आदल्या रात्री नको. सेल पूर्ण चार्ज करा, खोलीत अंधार करा, टॉर्च सगळ्यात मोठ्या उजेडावर लावा आणि घड्याळ बघत बसा. खोक्यावर दोन हजार ल्युमेन छापले असले, तरी वीतभर ॲल्युमिनियमच्या नळीला तेवढी उष्णता बाहेर टाकता येत नाही. थोड्याच वेळात टॉर्च आपण होऊन उजेड उतरवतो. दहाव्या मिनिटाला जो उरेल, तोच तुमच्या कामाचा. खोक्यावरचे तासही असेच जपून वाचायचे. एएनएसआय एफएल-१ या टॉर्चसाठीच्या प्रमाणित मोजणीत उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर उतरेपर्यंतचा वेळ धरतात, आणि झोताचं अंतर म्हणजे जिथे जेमतेम पाव लक्स (लक्स म्हणजे जागेवर पडणाऱ्या उजेडाचं माप), साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका उजेड पोचतो तिथवर. तेव्हा २०० मीटर लिहिलंय म्हणून २०० मीटरवरचा दगड सुटा आहे की पक्का, हे काही कळायचं नाही.

वाट चालायला दीडशे-दोनशे ल्युमेन पुष्कळ झाले. हेडटॉर्च प्रत्येकाकडे हवाच. लांब झोताचा हातातला टॉर्च मात्र अख्ख्या गटात दोन पुरेत, एक पुढच्याकडे, एक शेवटच्याकडे. धुकं आलं तर कपाळावरचा उजेड डोळ्यांपुढे पांढरी भिंत उभी करतो. तेव्हा हेडटॉर्च काढून कमरेशी धरा, वाट लगेच उमटते. टॉर्चवर आयपीएक्स-७ लिहिलेलं असतं, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडाला तरी चालतो. डिसेंबरात तेवढं बास, फक्त झाकणाची रबरी रिंग पुसून सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवा. जादा १८६५० सेल (टॉर्चमधले चार्ज होणारे लिथियम सेल) प्लास्टिकच्या डबीतच ठेवा, किल्ल्या आणि नाण्यांच्या खिशात कधीच नको.

आणि झाकण पाव आटा सैल करूनच टॉर्च सॅकमध्ये टाका, म्हणजे बटण दाबलं गेलं तरी तो लागत नाही. एकदा मी ते विसरलो. चढताना पाठ गरम लागत होती, मला वाटलं ऊन. वर जाऊन सॅक उघडली तर टॉर्च चालू, त्याच्या तोंडाशी टेकलेल्या टॉवेलवर रुपयाएवढा तपकिरी डाग आणि सेल संपलेला.

आता कुऱ्हाड. आधी सांगा, न्यायची कशाला? हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. तिथे १९७२ चा वन्यजीव कायदा लागू आहे, फांदी तोडायचा प्रश्नच नाही. शेतात मालक देतील ती वाळकी लाकडं फोडायला मात्र सहाएकशे ग्रॅमच्या पात्याची, हातभर दांड्याची लहान कुऱ्हाड छान चालते. आयत्या कंपनीच्या कुऱ्हाडीचा फायबरचा दांडा सैल होत नाही, हे मान्य. तरी मला गावच्या लोहाराची आवडते, दांडा मोडला तर दुसरा बसवता येतो. पातं हलतंय का, पाचर वर आलीय का, ते निघायच्या आधी बघा. रात्रभर बादलीत बुडवून दांडा फुगवायची युक्ती सगळ्यांना ठाऊक असते. वाळला की तो आधीपेक्षा ढिला होतो, हे दुसऱ्या दिवशी कळतं. नवी पाचर ठोका, जवसाचं तेल चोळा. धार कानशीने, मग दगडावर. पात्याला जुन्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा घालून बांधा. एसटीत ती सॅकच्या तळाशी राहू द्या, हातात मिरवू नका.

आखूड दांड्याचा धोका हा की घाव हुकला तर पातं थेट नडगीवर येतं. म्हणून गुडघे टेकून बसा, खाली ओंडका घ्या. बारीक लाकडाला पातं आधी टेकवा आणि दोन्ही एकदमच ओंडक्यावर आपटा. हवेत फिरवायची गरजच पडत नाही. कोकणातला माणूस कमरेच्या आकडीतली कोयती काढून हेच काम आपल्या निम्म्या वेळात करील, ती गोष्ट वेगळी.

बँडेज सॅकच्या वरच्या कप्प्यात असू द्या. सकाळी गड चढायला निघताना कुऱ्हाड मालकांच्या घरी आढ्याला, पोरांचा हात पोचणार नाही अशी अडकवून ठेवा आणि उतरल्यावर आठवणीने मागून घ्या.